प्रोजेक्ट पावसाळ्याआधी ठरवा

फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टचा विषय ठरला का? नसेल ठरला तर हे वाचा. ठरला असेल तर नक्कीच वाचा.

मी इंजिनिअर नाही, मास कॉमची विद्यार्थिनी. पण माझे बाबा शिरोलीत एका फाउंड्रीत मोल्डर आहेत, त्यामुळे ‘ब्लो होल’ हा शब्द आमच्या घरी जेवताना सुद्धा ऐकू येतो. पावसाळा लागला की बाबांच्या चेहऱ्यावरूनच कळतं, आज किती जॉब रिजेक्ट झाले. साच्याच्या वाळूत पाणी साधारण 3 ते 4 टक्के हवं. जास्त झालं की जवळपास 1400 अंशांचा रस ओतल्याबरोबर त्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती कास्टिंगमध्येच अडकते आणि आत पोकळी राहते. वरून जॉब एकदम झकास! भोक उघडं पडतं ते मशिनिंगला, कधी कधी थेट गिऱ्हाइकाच्या दारात. लोखंड परत वितळवता येतं. वीज, मजुरी, गाडीभाडं परत येत नाही.

बाबा वाळू मुठीत दाबतात, मोडून बघतात आणि सांगतात, “आज ओली हाय.” बहुतेक वेळा बरोबर निघतं. पण हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि बाबा आता 54 वर्षांचे आहेत.

तुमच्यातल्या मेकॅनिकलवाल्यांनी हीच वाळू लॅबमध्ये तपासलेली असेल. ओलावा मोजला, आलेख काढला, जर्नलवर सही घेतली, विषय संपला.

माझ्या मावसभावाच्या ग्रुपने गेल्या वर्षी हाच विषय प्रोजेक्टला घेतला. जुलैत कॉलेज सुरू झालं. ग्रुप ठरून, गाइड मिळून, विषय मंजूर व्हायला सप्टेंबर उजाडला. कंपनीचं परवानगीपत्र दिवाळीनंतर आलं. पोरं प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर पोचली जानेवारीत. म्हणजे ठणठणीत कोरड्या हवेत पावसाळ्यातल्या रिजेक्शनचा अभ्यास! बाइंडिंग मात्र छान झालं, मार्कही पडले.

‘इंडस्ट्री आम्हाला दारात उभं करत नाही’ ही तक्रार तुम्ही केली असेल. ती निम्मी खरी आहे. मालकाला भीती असते, रिजेक्शनचा आकडा बाहेर गेला तर ऑर्डर जाईल. ही भीती खोटी नाही. मग पहिल्याच दिवशी कागदावर ठरवून घ्या ना: कंपनीचं नाव आणि मूळ आकडे छापायचे नाहीत, पण ओलावा बदलला की दोष किती पटीने वाढले, हे छापायचं. त्याने कुणाची ऑर्डर जात नाही, आणि शेजारच्या दहा फाउंड्र्यांना ते वापरता येतं. लहान फाउंड्रीला स्वतःचा संशोधन विभाग परवडणार नाही.

होत नाही असं नाही. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या गटाने ‘ऑटोकास्ट’ हे सॉफ्टवेअर घडवलं. साच्यात धातू सगळ्यात शेवटी कुठे घट्ट होणार, म्हणजे दोष कुठे येण्याची शक्यता, हे ओतण्याआधीच स्क्रीनवर दिसतं. आणि आपल्याकडे? गोकुळ शिरगावला तर इंजिनिअरिंग कॉलेज आणि एमआयडीसी शेजारी-शेजारी आहेत. शेतीच्या ऑइल इंजिनांवर वाढलेल्या या शहरात फाउंड्रीला विषय शोधावा लागावा, हे जरा अतीच झालं.

सामंजस्य करार भरपूर होतात. पुष्पगुच्छाच्या त्या फोटोंखालच्या ओळी इंटर्न म्हणून मीच लिहिते. करारानंतर पोरं फाउंड्रीत कधी गेली, याची बातमी अजून तरी माझ्या टेबलावर आलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: विषय थर्ड इयरच्या परीक्षेआधी मंजूर करून घ्या. कॉलेज मानत नसेल तर एचओडींच्या केबिनबाहेर बसा. आणि तुमची वही पुढच्या बॅचला द्या, कारण एका पावसाळ्याच्या नोंदींवर कुठलाही मालक आपली वाळू बदलणार नाही. तीन पावसाळ्यांच्या असतील तर निदान चहा पाजून ऐकून घेईल.

बाबांना विचारलं, पोरं आली तर दाखवाल का?

“जूनात या म्हणावं,” म्हणाले. “आन सकाळी सातला.”