वाहिनी माणूस असती तर...

'सूर्य संपावर गेला तर', 'नदी बोलू लागली तर' हे निबंधाचे विषय आता घासून गुळगुळीत झाले आहेत. म्हणून यंदा आमच्या उर्दू शाळेत नववीच्या वर्गाला मराठी निबंधासाठी आम्ही नवा विषय दिला : 'वृत्तवाहिनी माणूस असती तर...' मुलांनी लिंग-वचनाच्या चुका मनसोक्त केल्या, पण माणूस मात्र अचूक ओळखला. एकाने लिहिले, तो प्रश्न दुसऱ्याला विचारतो आणि उत्तर स्वतःच देतो. एका मुलीने लिहिले, तो आमच्या मोहल्ल्यात लग्नाला येत नाही, मयतीला येत नाही. पोलिसांची गाडी आली की मात्र तिच्या मागोमाग येतो.

या वाक्याला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले. मग आम्हालाच प्रश्न पडला. असा माणूस खरोखर शेजारी राहायला आला असता, तर आपण त्याला उंबरठा ओलांडू दिला असता का?

या घराण्यातला थोरला म्हणजे दूरदर्शन. 2 ऑक्टोबर 1972 रोजी तो मुंबईत आला. सरकारी नोकरीतला, इस्त्रीच्या कपड्यांतला, हळू बोलणारा गृहस्थ. त्याच्या तोंडून सरकारविरुद्ध शब्द निघायचा नाही. ईदच्या दिवशी शिरखुर्मा प्यायला यायचा, एरवी वर्षभर त्याला आमची आठवण नसायची. ही तक्रार आम्ही तेव्हाही करत होतो. पण त्याला अदब होती. घरात शिरून तो घरच्यांनाच शिव्या देत नसे.

धाकट्या वृत्तवाहिन्यांची गोष्ट वेगळी. 2020च्या मार्चमध्ये निजामुद्दीन मरकजचे प्रकरण घडले आणि यांच्यापैकी अनेकांनी आजाराला धर्म चिकटवला. भाजी विकणारा, काच-पत्रा गोळा करणारा, ज्याचा तबलीगशी काडीचा संबंध नाही असा माणूसही संशयित ठरला. त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. माध्यमांनी अपप्रचार केला आणि या लोकांना बळीचा बकरा बनवले गेले, असे स्पष्ट नोंदवले. माणूस असता तर निकालानंतर खाली मान घालून दारात आला असता. "भाभी, चूक झाली, माफ करा," म्हणाला असता. आमच्या दारात तरी कोणी आले नाही.

मालेगावचेही तेच. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शबे-बरातच्या दिवशी स्फोट झाले. मेलेही आमचे आणि पकडलेही आमचे. 2016 साली विशेष न्यायालयाने त्या तरुणांना आरोपमुक्त केले. दहा वर्षे गेली. पकडल्याची बातमी दिवसभर ओरडून सांगितली जाते. सुटल्याची एका दमात उरकली जाते.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. रात्रीच्या चर्चेत ओरडून घेण्यासाठी दाढी-टोपीवाला लागतो, तो आमच्यातूनच जातो. त्याला आम्ही निवडलेले नसते. तरी तोच आमचा प्रतिनिधी ठरतो. शिक्षक, नर्स, कोकणातला खलाशी, विदर्भातला शेतकरी यांना बोलावणे येत नाही, आणि आम्ही ते मागतही नाही. उलट, शिव्या देत देत आम्हीच ती चर्चा शेवटपर्यंत पाहतो. ज्याला शेजारी म्हणून ठेवणार नाही, त्याला रोज जेवणाच्या दस्तरखानावर बसवतो!

काही बुजुर्ग म्हणतात, टीव्ही फोडून टाका, झंझट मिटेल. आपला टीव्ही फोडला तरी शेजारच्या पाटलांच्या घरातला चालूच राहणार, आणि आपल्याविषयी तिथे काय सांगितले जाते ते आपल्याला कळणारही नाही. सूरह हुजुरात खबरीची तहकीक करायला सांगते. हा हुक्म वाहिनीला लावायचा आणि स्वतः मोबाईलवर आलेली प्रत्येक अफवा पुढे ढकलायची, हे कसे चालेल?

मग करायचे काय? लिहायचे. 2021 मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार वाहिनीने तक्रारीची पोच 24 तासांत आणि निर्णय 15 दिवसांत द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर वर दाद मागता येते. कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि नेमके वाक्य टिपून ठेवायचे. आणि मराठी वाहिनीला मराठीतच लिहायचे. उर्दू आमची आहेच, पण जो आमच्याविषयी मराठीत बोलतो त्याला मराठीतच जाब विचारला पाहिजे. मोहल्ल्यातल्या कट्ट्यावर उर्दूत काढलेला संताप त्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

लगेच सारे बदलेल, असा भ्रम आम्हाला नाही. मुजोर माणूस एका पत्राने सुधारत नाही. पण ज्याच्या दारात रोज कोणीतरी हिशेब मागायला उभे राहते, तो पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी थोडा विचार करतो.

आम्ही वर्गाला पुढचा धडा दिला आहे. या वेळी निबंध नाही, पत्रलेखन : 'वृत्तवाहिनीच्या संपादकास तक्रारीचे पत्र लिहा.' लिंग-वचन आम्ही सुधारून देऊ. मजकूर मुलांचाच राहील.