नव्वदावा दिवस
सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाची मुलं उन्हाळी सुट्टीत संशोधनाच्या इंटर्नशिपला जातात, तेव्हा काँक्रीट आपल्या वेळापत्रकाने चालत नाही हे त्यांना पहिल्यांदा कळतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या वाट्याला सिमेंटचा काही भाग कमी करून त्याजागी औष्णिक वीज केंद्रातली राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, वापरून बघायचं काम आलं. 150 मिलिमीटरचे क्यूब ओतायचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात बुडवायचे, मग 7व्या आणि 28व्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडायचे. 7व्या दिवशी राखेचे क्यूब साध्या क्यूबपेक्षा कमी भारालाच फुटले. पोरीचा चेहरा उतरला. मार्गदर्शकांनी मात्र आकडे जसेच्या तसे वहीत उतरवायला लावले, आणि हेच मला या सगळ्यात मोलाचं वाटतं. राखेतली सिलिका, सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेतून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश संयोग पावते. म्हणून अशा काँक्रीटची ताकद उशिरा भरते, आणि तिची खरी परीक्षा 56 किंवा 90 दिवसांनी होते. दोन महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये 90वा दिवस येतच नाही! महाविद्यालयांना प्रमाणपत्र हवं असतं, जाडजूड अहवाल हवा असतो; पण उरलेले क्यूब फोडायला सत्राच्या मधेच जाऊ द्यायचं म्हटलं की हजेरी आडवी येते. या मुलीने ऑगस्टअखेरीस दोन दिवसांची परवानगी मागितली आहे. ती तिला मिळालीच पाहिजे, आणि त्या दोन दिवसांची हजेरीही लागली पाहिजे.