विश्लेषण : वासाने रानडुक्कर खरेच थांबते का?

भात पिकायला आले, सुरण पोसला की कोकणातील वाडीवाडीत एकच विषय निघतो, तो म्हणजे डुकरांचा. मग न्हाव्याकडून केसांची पिशवी येते, कुंपणाला साबणाच्या वड्या टांगल्या जातात, कुजवलेल्या अंड्यांचे पाणी शिंपडले जाते, दोरीवर घरातील जुन्या साड्या चढतात. आता तर ‘एकदा फवारा, हंगामभर निश्चिंत राहा’ असे सांगणाऱ्या बाटल्याही दुकानांत मिळतात. विदर्भ-मराठवाड्यातही रोही आणि डुकरांपुढे हेच उपाय केले जातात. वासाच्या या उपायांत तथ्य किती आणि भाबडी आशा किती?

वासाने प्राणी दूर का जातो?

याची दोन कारणे आहेत. पहिले भीतीचे. मांसाहारी प्राण्याच्या मूत्राचा वास म्हणजे भक्ष्यासाठी शिकारी जवळ असल्याची वर्दी. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये मांसाहारी प्राण्यांच्या मूत्रात ‘फिनाइलइथाइलअमाइन’ हे रसायन मोठ्या प्रमाणात असते आणि उंदीर त्याच्या नुसत्या वासाने दूर जातात, असे दाखवून दिले. ही भीती शिकवावी लागत नाही, ती उपजत असते. कुजलेल्या अंड्यातील गंधकयुक्त वासही अनेक शाकाहारी प्राण्यांना असाच धोक्याचा वाटतो. अमेरिकेत बागांतील हरणे रोखण्यासाठी मिळणाऱ्या अनेक द्रावणांत अंड्याची भुकटी असते ती यामुळेच. माणसाच्या केसांमागेही हाच विचार आहे.

दुसरे कारण जळजळीचे. मिरचीचा धूर किंवा अमोनिया नाका-डोळ्यांना झोंबतो. येथे प्राणी घाबरत नाही, त्याला त्रास होतो. पण हा त्रास उघड्यावर फार वेळ टिकत नाही, कारण वारा आला की तो विरतो.

कोणत्या प्राण्यावर चालतो?

बाटलीवर सहसा न लिहिलेली गोष्ट हीच. रानडुकराची नजर अधू, पण नाक विलक्षण तीक्ष्ण. जमिनीखालचा कंद ते वासावर शोधते. साळिंदरही रात्री बाहेर पडते आणि नाकावर विसंबते. अशा प्राण्यांवर वासाचा काही परिणाम होऊ शकतो.

माकड आणि वानर मात्र माणसासारखेच डोळ्यांवर जगणारे. ते दिवसा येतात, फळाचा रंग आणि माणसांची ये-जा पाहतात, राखण करणारा म्हातारा आहे की हातात गलोल घेतलेला तरुण, हेही ओळखतात. त्यांच्यासाठी बागेत वासाच्या बाटल्या टांगणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. नारळावर डल्ला मारणारे शेकरूही दिवसा, झाडाच्या शेंड्यावर वावरते. जमिनीलगत शिंपडलेल्या वासाचा त्याच्याशी संबंध येत नाही. आंबा-नारळाच्या बागायतदाराचे मोठे नुकसान माकड-वानरांकडून होत असेल, तर त्याला डुकरांचे औषध विकणे ही फसवणूकच म्हटली पाहिजे.

परिणाम किती दिवस टिकतो?

हंगामभर तर नाहीच. एक अडचण हवामानाची. वास म्हणजे हवेत उडून जाणारे रेणू. ते उडतात म्हणून वास येतो आणि उडून जातात म्हणून तो संपतो. कोकणात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे जुलैत शिंपडलेले द्रावण एका सरीत धुऊन जाते.

दुसरी अडचण प्राण्याच्या डोक्यातली. रानडूक नव्या गोष्टीला बुजते, म्हणून पहिल्या काही रात्री कोणताही अनोळखी वास काम करतो. शेतकरी खूश होतो, चार जणांना सांगतो. पण वास येतो आणि वाघ येत नाही, माणूसही येत नाही, हे डुकराच्या लक्षात येते. मादी पिलांना घेऊन फिरते, त्यामुळे तिने घेतलेला धडा पिलेही गिरवतात. वास ही धमकी आहे आणि धमकीमागे काहीच नसेल तर ती पोकळ ठरते. एकदा पिकाची चव लागली की अशा पोकळ धमकीला उपाशी कळप जुमानत नाही.

तिसरी अडचण शेजाऱ्याची. वासाने डुक्कर उपाशी परत जात नाही, ते बांध ओलांडून पुढच्या वाफ्यात जाते. एकाचा यशस्वी प्रयोग बहुधा दुसऱ्याच्या नुकसानीवर उभा असतो.

फोरेट वापरण्यात धोका काय?

‘थिमेट’ या नावाने शेतकऱ्यांना ठाऊक असलेले फोरेट उग्र वासामुळे अनेक वर्षे बांधावर पुरचुंड्यांतून टांगले गेले. पण हे केवळ वास देणारे औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते अत्यंत घातक गटात मोडते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर पूर्ण बंदी आहे. पुरचुंडी फुटली की दाणे जमिनीवर पडतात. ते मोर टिपतो, कोंबडी टिपते, पावसाने ते विहिरीच्या दिशेने वाहतात. ती पुरचुंडी बांधणारा हात बहुतेक वेळा उघडाच असतो. जुना साठा कुठे पडून असेल तर तो वापरू नये. ‘आमच्याकडे वर्षानुवर्षे चालते’ हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. बांधाला थेट वीजप्रवाह सोडण्याचेही तसेच. त्यात माणूस, गुरे आणि वाघही मरतात आणि तो गुन्हा आहे.

मग वास वापरायचा तरी कसा?

वासाकडून थोडक्या दिवसांची अपेक्षा ठेवली तर तो उपयोगी पडतो. दाणा भरल्यापासून कापणीपर्यंतचे, कंद काढणीआधीचे दोन-तीन आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. वास तेवढ्यासाठीच राखून ठेवावा आणि पहिला हल्ला होण्याआधी लावावा, नंतर नव्हे. द्रावणात भिजवलेली दोरी किंवा चिंध्या डुकराच्या नाकाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून साधारण फूटभर वर बांधाव्यात. पावसापासून बचावासाठी भोके पाडलेल्या उपड्या बाटलीत त्या ठेवता येतात. दर काही दिवसांनी वास बदलावा, पाऊस पडला की पुन्हा लावावा. खाण्याच्या भागावर काहीही फवारू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वासाला दुसऱ्या उपायाची जोड हवी. सौर कुंपणाचा क्षणिक झटका प्राणघातक नसतो, पण तो लक्षात राहतो. त्याच तारेवर वासाच्या चिंध्या असतील तर डुकराच्या लेखी त्या वासाला अर्थ येतो. रात्रीची राखण, बांधावरील झाडोऱ्याची सफाई आणि वास एकत्र असतील तरच धमकी खरी वाटते. आणि हे एका शेतापुरते नव्हे, सलग पट्ट्यात व्हायला हवे.

जबाबदारी कोणाची?

खरा प्रश्न इथे आहे. रानडुकराला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. ते योग्यही आहे. पण प्राणी सगळ्या समाजाचा आणि त्याचा खर्च मात्र एकट्या शेतकऱ्याचा, हा न्याय नव्हे. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण ती पीक गेल्यावरची. त्यासाठी तक्रार, पंचनामा आणि वाट पाहणे आलेच. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पांलगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. कोकणातील तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीत मात्र एकट्याने कुंपण घालणे परवडत नाही. शिवाय माणसे मुंबईला गेली, जमिनी पडीक राहिल्या, त्यांवर माजलेल्या रानात कळपांना घराशेजारीच आसरा मिळाला. ही स्थिती कोणत्याही बाटलीतल्या वासाने बदलणारी नाही.

म्हणून वासाच्या उपायांना वेड्यात काढण्याचे कारण नाही, तसे त्यांना धोरण समजण्याचेही नाही. वाडीनिहाय सामूहिक कुंपणाला अनुदान, पडीक जागांच्या सफाईसाठी रोजगार हमीतून मजूर, पंचनाम्याला ठरलेली मुदत आणि ‘हंगामभर हमी’ देणाऱ्या बाटल्यांची कृषी विद्यापीठांकडून शेतावर चाचणी, एवढे तरी सरकारने करायला हवे. तोवर शेतकऱ्याने वासाकडून दोन-तीन आठवड्यांच्या राखणीची मदत घ्यावी. अख्खा हंगाम त्याच्या भरवशावर सोडू नये.