चितळकरांच्या गाण्यातील पंक्तिप्रपंच

रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी सायंकाळी फिरावयास जाणाऱ्यांत मराठी बोल हटकून कानी पडतात. कुणी रेल्वेतले, कुणी लेखापरीक्षणातले, कुणी आमच्यासारखे केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करून महिन्याची तोंडमिळवणी करणारे. याच काठावरील एका बिऱ्हाडी गेल्या हिवाळ्यात चार मराठी डोकी जमली आणि कै. सी. रामचंद्र यांच्या जन्मदिनी, म्हणजे १२ जानेवारीस, त्यांच्या गाण्यांची एक मैफल करावी असे ठरले. बेत उत्तम होता. कार्यपत्रिका टंकून आणण्याचे काम रिवाजाप्रमाणे आमच्याकडे आले.

आम्ही केलेली यादी एका वयोवृद्ध गृहस्थांनी तपासावयास घेतली. उभा जन्म फायलींवर शेरे मारण्यात गेलेला असल्याने त्यांच्या खिशात लाल पेन्सिल होतीच. ‘ईना मीना डीका’वर रेघ आली. ‘शोला जो भड़के’वर आली. ‘संडे के संडे’वरही आली. समासात एकच शब्द उमटला, ‘थिल्लर’. उरले ते ‘अनारकली’, ‘घरकुल’ आणि शेवटी सर्वांनी उभे राहून म्हणावयाचे ‘ऐ मेरे वतन के लोगों’. आम्ही मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सुधारित यादी टंकून दिली. त्या मान डोलावण्याची लाज वाटते म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांच्यावर रेघ मारली ते रामचंद्र नरहर चितळकर कोण होते, ते आधी पाहू. जन्म १९१८ चा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे गावचा. गाण्याची तालीम नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात. म्हणजे सोवळ्यातल्या सोवळ्या घराण्याचे पाणी या माणसाच्या गळ्यातून गेले होते. आणि १९५६ पर्यंत आमच्या या रायपूरची राजधानी नागपूरच असल्यामुळे, ते शिक्षण काही परक्या मुलखातले नव्हे. पुढे नट म्हणून चित्रपटात शिरकाव, मग मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटी वाजविणे, आणि मग तमिळ चित्रपटांना संगीत देऊन दिग्दर्शकपदाचा प्रारंभ. हिंदीत ते सी. रामचंद्र झाले, मराठी चित्रपटांत आर. एन. चितळकर राहिले, कुठे अण्णासाहेब, कुठे राम चितळकर, आणि गाताना नुसते चितळकर. बदलीच्या गावोगावी पाटी बदलत हिंडणाऱ्या आम्हां नोकरदारांना ही तऱ्हा परकी वाटू नये.

या माणसाने बेनी गुडमनची अमेरिकन बँडवादनाची ऐट हिंदी गाण्यात आणली. १९४७ च्या ‘शहनाई’त त्याने शीळ वाजविली, १९५१ च्या ‘अलबेला’त बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र नांदविले व लताबाईंच्या जोडीला स्वतः गायिला. टेनेसीतील मेम्फिस शहरी एल्व्हिस प्रेस्लेची पहिली तबकडी निघाली ती १९५४ च्या जुलैत. हा हिशेब आम्ही श्रेयासाठी मांडीत नाही. ‘अलबेला’तील ठेका रॉक अँड रोलचा नव्हे, त्याच्या आदल्या पिढीचा आहे. पण पाय जागचे न राहू देणारा जो गुण एल्व्हिसपाशी जग पाहावयास लागले, तो आमच्या पुणतांब्याच्या चितळकरांच्या हाती आधीपासून होता, आणि १९५७ च्या ‘आशा’त ‘ईना मीना डीका’ बांधताना त्यांनी तो रॉक अँड रोलच्या चौकटीत बसवून दाखविला. किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी ते गाणे वेगवेगळे गायिले. अर्थहीन अक्षरांच्या त्या खेळात गोव्याच्या कोंकणी बोलीतलेही शब्द येऊन बसले आहेत.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप असा की हे सारे विलायती. ठीक. मग पेटी कुठली? हार्मोनियमला फ्रान्समध्ये १८४२ साली पेटंट मिळाले. आकाशवाणीने १९४० साली ती परकी व बेसूर म्हणून हद्दपार केली आणि १९७१ पर्यंत दाराबाहेर उभी ठेविली. तेवढ्या काळात महाराष्ट्रातील एका तरी कीर्तनाने, एका तरी नाट्यप्रयोगाने पेटी टाकली काय? अण्णासाहेब किर्लोस्करांना १८८० च्या ‘शाकुंतला’ची प्रेरणा पारशी रंगभूमीच्या प्रयोगातून झाली, आणि १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरबच्या ठुमरीच्या वळणाच्या चाली आणल्या. त्यास आज आपण अस्सल मराठी नाट्यसंगीत म्हणून डोक्यावर घेतो, आणि योग्यच करतो. ज्या तलावाकाठी ही बैठक भरली त्याच्या रस्त्याला रायपूरकर कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. त्या उसन्या नावाने तलावाचे पाणी खारट झालेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. चितळकरांनी काही चाली उचलल्या, असा तो आहे. तो आम्ही नाकारीत नाही. १९५० च्या ‘समाधी’तील ‘गोरे गोरे’ची चाल एडमुंडो रॉसच्या वाद्यवृंदाच्या एका गाण्यावरून आलेली आहे. पण मग ही रेघ सर्वत्र सारखी ओढा! ज्या ‘घरकुल’ला आमच्या यादीत मानाचे पान मिळाले, त्याच १९७० च्या चित्रपटात ‘नंबर फिफ्टी फोर’ हे इंग्रजी मुखड्याचे गाणे आहे, आणि त्याचा मूळ धागाही विलायतेकडेच जातो. सुरेश भटांच्या ‘मलमली तारुण्य माझे’शेजारी ते सुखाने नांदते. एकाच ताटातला एक घास सोवळा आणि दुसरा ओवळा, हा कुठला न्याय? एल्व्हिसची पहिली तबकडी आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्याची होती. १९५६ साली त्याने गाजविलेले ‘हाउंड डॉग’ बिग मामा थॉर्नटन या बाईने त्याआधी गायिले होते. तिथे आज सुजाण माणसे एल्व्हिसला बाद करा असे म्हणत नाहीत, क्रुडपचे आणि थॉर्नटनबाईंचे ऋण मोठ्याने सांगा असे म्हणतात. आपल्याकडे सांगावयाचे ऋण आहे ते गोव्याच्या वादकांचे. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना जग चिक चॉकोलेट म्हणून ओळखे, ते ‘अलबेला’च्या संगीतात चितळकरांचे साहाय्यक होते. ट्रंपेट फुंकणारी, स्वरलेखन करणारी ही कोंकणी माणसे श्रेयनामावलीत दिसली नाहीत. लाल पेन्सिल चालवावयाची असेल तर ती या विस्मरणावर चालवावी.

तिसरा आक्षेप म्हणजे तो समासातला एक शब्द. थिल्लर कोणी ठरवावयाचे? हा प्रयोग एकदा सरकारी पातळीवर होऊन गेला आहे, आणि तोही एका मराठी गृहस्थांच्या हातून. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होते. शास्त्रीय संगीतावरील त्यांची निष्ठा निःसंशय थोर होती आणि अनेक गुणी गवयांना त्यांच्यामुळे आकाशवाणीचे दार उघडले, हेही सांगितले पाहिजे. परंतु चित्रपटगीतांना त्यांनी कात्री लावली, निर्मात्यांशी वाद झाला आणि ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. परिणाम काय झाला? लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. १९५२ च्या डिसेंबरात अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र परदेशी केंद्राच्या मालकीची झाली. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच ‘विविध भारती’ काढावी लागली. ‘ईना मीना डीका’ त्याच वर्षीचे. हुकमाने अभिरुची घडत नाही. हुकमाने श्रोता तेवढा दुसऱ्या घरी जातो.

आणि पुढचा न्याय पाहा. १९६२ च्या चीनयुद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या समोर लताबाईंनी प्रदीपांचे जे गीत गायिले, त्याची चाल याच चितळकरांची. ‘संडे के संडे’चा हात आणि ‘ऐ मेरे वतन’चा हात एकच. ज्याला हसविता येते, नाचविता येते, त्यालाच रडविताही येते. एका हाताची दोन बोटे ठेवावयाची आणि तीन कापावयाची, याला आदरांजली म्हणत नाहीत.

परगावी नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांना आणखी एक आठवण देतो. १९४९ च्या ‘पतंगा’त रंगूनला गेलेला नवरा डेहराडूनच्या बायकोशी टेलिफोनवर बोलतो, ते गाणे शमशाद बेगमच्या जोडीने चितळकरांनीच गायिले. बदलीच्या गावाहून घरी फोन लावणाऱ्या माणसाची थट्टा आणि व्याकूळता एका गाण्यात आणणारा हा कलावंत आपला नव्हे, तर मग आपला कोण?

या रेघेची किंमत कोणी मोजली तेही सांगितले पाहिजे. आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याचा मुलगा ‘ईना मीना डीका’ गिटारवर बसवून तयार होता. घराणे तीन पिढ्या रायपुरात. मुलाचे मराठी छत्तीसगढीच्या अंगाने जाणारे. ‘घरकुल’ त्याने पाहिलेला नाही, गांधर्व महाविद्यालयाचे नावही ऐकलेले नाही. पण हे गाणे करणारा माणूस मराठी होता असे कळल्यावर तो हरखला होता. यादीतून गाणे गेले, त्याच्याबरोबर मुलगाही गेला. मैफलीच्या सायंकाळी तो आला नाही, आणि त्यानंतर कोणत्याही मराठी कार्यक्रमास आला नाही. बापाने आम्हांस दोष दिला नाही, एवढेच म्हणाला, “त्याला वाटलं, ही जागा आपली नाही.” पुढील पिढी मराठी बोलत नाही म्हणून दरवर्षी भाषणे करणारी मंडळी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली होती.

चितळकर ५ जानेवारी १९८२ रोजी वारले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये मेम्फिस येथील एल्व्हिसचे घर लोकांना पाहण्यास खुले झाले आणि ते आज तीर्थक्षेत्र होऊन बसले आहे. ‘अलबेला’चे निर्माते, दिग्दर्शक आणि नायक असलेले अमरावतीचे भगवानदादा बंगला व मोटारी गमावून दादरच्या चाळीत राहिले आणि २००२ साली गेले. आम्ही स्मारकाची मागणी करीत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलताशा वाजू लागला की ज्याने कधी नाच शिकला नाही तोही भगवानदादांची पावले टाकतो, ही पुण्याई कोणत्याही इमारतीहून टिकाऊ आहे. आमची मागणी लहान आहे. पुढील १२ जानेवारीस यादीच्या शिरोभागी ‘ईना मीना डीका’ असावे, ते त्याच मुलाने गावे, आणि त्याला बोलावण्यास पहिल्या रांगेतील मंडळींनी स्वतः त्याच्या घरी जावे. त्यानंतर ‘ऐ मेरे वतन’साठी आम्ही सर्वांच्या आधी उभे राहू.

यादीवर पुन्हा रेघ आली, तर ती टंकणार मात्र दुसरा कोणी. आम्ही नाही.