पासवर्ड? पण कुणाचा?

उबुंटूवर सॉफ्टवेअर टाका नाहीतर काढा, एक चौकट टपकते : ‘ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’. खाली पासवर्डची रिकामी जागा. सिंदी मेघेहून मावसभावाचा फोन होता, ‘‘ताई, साधा गेम काढून राहिलो, तर हा पासवर्ड मागून राहिला. वायफायचा देऊ की मेलचा?’’ प्रश्न अगदी रास्त!

तर मंडळी, घरच्या मशीनवर हवा असतो तुमचा लॉगिनचाच पासवर्ड. मेलचा नाही, बँकेचा तर मुळीच नाही. काढतानाही का? कारण प्रोग्राम तुमच्या फोल्डरमध्ये नसतो, सगळ्यांच्या सामाईक जागेत असतो. टर्मिनलवर आणखी मजा. बहुतेक ठिकाणी टाइप करताना एक चांदणीही उमटत नाही (कीबोर्ड बिघडलेला नसतो!). आणि एकदा दिला, की साधारण १५ मिनिटं पुन्हा विचारणा नाही. म्हणजे गोंधळ डबल.

२००७ साली विंडोज व्हिस्टानं ऊठसूट परवानगी मागितली आणि लोक न वाचता ‘कंटिन्यू’ दाबायला शिकले. खरा धोका या सवयीचाच. आपण काही टाकलं-काढलं नाही, अपडेटही चालू नाही, तरी चौकट आली? सरळ ‘कॅन्सल’. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र बऱ्याचदा आयटीवाल्यांचाच पासवर्ड लागतो. तिथे अंदाजपंचे नको, त्यांनाच गाठा.