तारण काय ठेवणार?

यंदा मार्चच्या शेवटी, विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही अंकाची प्रुफं तपासत बसलो होतो, तेव्हा एक पोरगी आली. मराठवाड्यातली. बाप नाही. आई रोजानं जाते. नागसेनवनात बी.ए. झाली आणि मग तीन वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज टाकत गावोगाव फिरली. दलित वस्तीचा निधी मंत्रालयातून निघतो आणि वस्तीत पोचत नाही, मधे कुठं मुरतो, याचे कागद तिनं गोळा केले. त्या कागदांच्या जोरावर तिनं पब्लिक पॉलिसीच्या, म्हणजे सार्वजनिक धोरणाच्या, एम.ए.साठी अर्ज केले होते. हातात तीन पत्रं होती. तिन्ही ठिकाणी निवड.

पहिलं पत्र अमेरिकेचं. मोठं नाव, दोन वर्षं, निम्मी फी माफ. दुसरं ब्रिटनचं. एक वर्ष, माफी काही नाही. तिसरं आपल्याच देशातलं. दोन वर्षं, फी शिष्यवृत्तीत बसते, हॉस्टेल आहे, पण नाव ऐकून कुणी उठून उभं राहणार नाही.

"दादा, कुठलं घेऊ सांगा. पंधरा एप्रिलच्या आत कळवायचंय."

पंधरा एप्रिल. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मिळून ठरवलेली ही तारीख. आपल्यासाठी जयंतीचा दुसरा दिवस.

खोलीत पाच-सहा कार्यकर्ते होते. एक जण उडालाच. "अमेरिका! बाबासाहेबांची अमेरिका! चौकात फ्लेक्स लावू." दुसरा तोंड वाकडं करून म्हणाला, "जाईल, साहेबीण होईल, परत कशाला येतीय?" तिसरा म्हणाला, "कर्ज काढ. बाबासाहेबांनी पण काढलं होतं." पैसे किती लागतात, हे तिघांपैकी एकानंही विचारलं नाही. म्हणून हे संपादकीय.

मित्रांनो, आधी हिशेब करू. आपल्याला घोषणा तोंडपाठ आहेत, हिशेब करताना मात्र जीभ जड होते.

समजा फी वर्षाला ६० हजार डॉलर. निम्मी माफ, राहिले ३० हजार. राहणं, खाणं, विमा, पुस्तकं मिळून २५ हजार धरा. झाले ५५ हजार. डॉलरला ९० रुपये धरले तर वर्षाचे साडेएकोणपन्नास लाख. दोन वर्षांचे ९९ लाख. 'निम्मी फी माफ' या गोड शब्दांचा हा अर्थ! रोजानं जाणाऱ्या बाईच्या पोरीनं एक कोटीला एक लाख कमी एवढी रक्कम उभी करायची. ती ११ टक्क्यांनी काढली तर नुसतं व्याजच महिन्याला ९० हजारांच्या वर जातं, मुद्दल जागच्या जागी.

ब्रिटनचं गणित लहान दिसतं, कारण वर्ष एकच. समजा फी ३० हजार पौंड, राहणं १५ हजार. पौंडाला १२० रुपये धरले तर ५४ लाख. शिवाय व्हिसासोबत आरोग्याचा अधिभार, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, तोही आगाऊ. आणि फी-खर्चाची रक्कम बँकेच्या खात्यात सलग २८ दिवस पडून असल्याचं दाखवायचं. ज्या घरात पगार २८ तास टिकत नाही त्या घरानं २८ दिवस दाखवायचे.

मग बँकेत जायचं. बँकेचा साहेब गोड बोलतो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, असं सांगतो. त्याच्या वर गेलं की टेबलावर पेन ठेवून विचारतो, "तारण काय ठेवणार?"

या एका प्रश्नात सगळी जातव्यवस्था बसली आहे. सवर्ण मध्यमवर्गाच्या पोराला हा प्रश्न ऐकू येत नाही. त्याच्या बापाचा फ्लॅट असतो, आज्याची शेती असते, मामा जामीन राहतो. काही बँका आणि फायनान्स कंपन्या मोठ्या नावाच्या विद्यापीठाला तारणाशिवायही कर्ज देतात. पण मग सहकर्जदाराचा पगार बघतात, आयकराचे कागद बघतात. आमच्याकडे काय आहे? वस्तीतलं घर, त्याला धड उतारा नाही. फार तर महारवतनाची एकर-दीड एकर. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीची, वर्ग दोनची, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. साहेब सातबारा उलटापालटा करतो आणि मान हलवतो. पिढ्यान् पिढ्या गावाचं मढं ओढून मिळालेल्या जमिनीला बँकेत किंमत नाही.

प्रवेश गुणवत्तेवर मिळतो म्हणतात. मान्य. पोरीनं तो मिळवला. पण विमानात बसायला तारण लागतं, आणि तारण पोरीच्या मेंदूत नसतं, बापजाद्यांच्या सातबाऱ्यावर असतं. मेरिट, मेरिट म्हणून कंठशोष करणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता सरकारचं ऐका. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. एवढा मोठा देश, आणि वर्षाला जागा १२५. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती, जागा ७५. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं १०६ जण निवडले आणि पत्रं दिली ४० जणांना. बाकीच्या ६६ जणांना सांगितलं, निधी उपलब्ध झाला तर बघू. म्हणजे आधी लाखातून एक निवडायचा आणि मग त्यालाच ताटकळत ठेवायचं. ज्यांची विद्यापीठं सप्टेंबरात सुरू होतात त्यांनी जुलैमध्ये 'तर' या शब्दावर बॅग भरायची!

तारखांची ही चलाखी समजून घ्या. विद्यापीठ एप्रिलमध्ये हो किंवा नाही मागतं, डिपॉझिट मागतं. सरकार जुलैमध्ये यादी लावतं. मधल्या तीन महिन्यांची जबाबदारी कुणाची? ज्याच्या घरात पैसा आहे तो हे तीन महिने विकत घेतो. आमच्या पोरांची जागा या तीन महिन्यांत मरते.

आणखी ऐका. २०२२ मध्ये केंद्रानं अट घातली की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन यांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. या अटीखाली बाबासाहेबांनाच उभं करून बघा. १९१६ मध्ये कोलंबियात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. नापास! प्राचीन भारतातल्या व्यापारावर एम.ए.चा प्रबंध. नापास! आमच्या पैशानं जा, पण आमच्याविषयी बोलू नका, असा हा फतवा आहे. आमची पोरगी दलितांच्या निधीचा हिशेब शिकायला निघाली, तर हिचा विषय सरकारला चालणार का, ही धाकधूक पहिल्या दिवसापासून.

पैसा नाही, असं कुणी सांगू नये. मे २०२५ मध्ये या राज्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. सरकार म्हणतं, त्या बहिणींमध्ये दलित बहिणीही आहेत. असतील. पण सगळ्यांना मिळणारी भाकरी दलितांच्या ताटातलं पीठ काढून भाजायची, हा कुठला न्याय? आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ मध्ये या निधीसाठी कायदे केले. हे वळवणं कसं होतं, कुठल्या लेखाशीर्षात होतं, कुठल्या टिपणीवर होतं, हे ज्याला वाचता येतं त्याच्यासमोर मंत्र्याची बोबडी वळते. म्हणून तर आपल्या पोरांनी पब्लिक पॉलिसी शिकायची. आजवर धोरणं आमच्यावर झाली. आम्ही धोरणाचा 'लाभार्थी' झालो, आकडा झालो, तक्ता झालो. आता पेन आमच्या हातात पाहिजे.

म्हणजे जायचंच. पण कसं जायचं?

"बाबासाहेबांनीही कर्ज काढलं" म्हणणाऱ्या भावाला आमचं सांगणं, अर्धा इतिहास सांगू नकोस. १९१३ मध्ये बाबासाहेब गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. १९१६ ला लंडन गाठलं. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. त्यांनी काय केलं? लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांत परत येण्याची परवानगी घेतली. बडोद्यात माणसांनी राहायला छप्पर दिलं नाही, तेही सोसलं. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले. शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेनांकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये परत गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावर. पुढं हिल्टन यंग कमिशनसमोर साक्ष दिली. आणि इकडं रमाईनं ज्या हालात संसार ओढला, त्याचा हिशेब तर अजून कुणी मांडलेलाच नाही.

याचा अर्थ एवढाच की थांबणं म्हणजे हरणं नव्हे. बाबासाहेब थांबले, पण दार उघडं ठेवून थांबले. आणि कर्ज काढलं ते आधी पगार साठवून, उरलेल्या भागासाठी काढलं.

त्या रात्री आम्ही पोरीला जे सांगितलं तेच इथं छापतो, कारण अशी पत्रं उद्या आणखी घरांत येतील.

पहिलं, नावाला भुलू नको. पत्रात 'शिष्यवृत्ती' शब्द कितीदा आलाय ते मोजू नको. खिशातून किती जाणार तो एकच आकडा लिही, सगळ्या वर्षांचा, रुपयांत.

दुसरं, विद्यापीठाला परत लिही. इतकी रक्कम कमी पडतेय, वाढवता का? जागा एक वर्ष राखून ठेवता का? यात लाज कसली? श्रीमंतांची पोरं हेच करतात, त्याला वाटाघाटी म्हणतात. आपण केलं की भीक कशी होते?

तिसरं, माहिती काढ. सगळ्या शाळा सारख्या नसतात. प्रिन्स्टनच्या धोरणशाळेत एम.पी.ए.च्या मुलांची फी शाळाच भरते. ब्रिटनची चीव्हनिंग शिष्यवृत्ती पूर्ण खर्च देते, तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि तुझ्याकडं तीन वर्षांचा आहे. अमेरिकेत एम.ए.ला पैसा क्वचित मिळतो, पण चांगल्या विद्यापीठात पीएच.डी.ला फी माफ होऊन वर निर्वाहभत्ता मिळतो. ज्याच्याकडं तारण नाही त्याच्यासाठी हा रस्ता लांबचा असला तरी पक्का आहे.

चौथं, आईचं घर गहाण टाकायचं नाही. हे मात्र आम्ही सल्ला म्हणून नाही, हात जोडून सांगितलं. कोटीच्या कर्जात बुडालेला माणूस परत येऊन चळवळीचं काम करू शकत नाही. त्याला जास्त पगार देणाऱ्याचंच काम करावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा समोरच्या बाजूला बसलेला असतो. "परत येत नाहीत" म्हणून पोरांना शिव्या घालणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. कैकांना कर्जाचा हप्ता येऊ देत नाही.

आता थोडं आपल्या अंगावर. गेल्या जयंतीला आपल्या एका वस्तीत डीजेवर आणि फ्लेक्सवर किती गेले, ते वर्गणीची वही काढून बघा. तेवढ्यात एका पोरीचं डिपॉझिट भरलं असतं. जे परदेशात शिकून आले, मोठ्या हुद्द्यावर बसले, ते सत्काराला येतात, शाल घेतात, "मेहनत करा" म्हणतात. किती पैसे लागले, कुठून आणले, अर्ज कसा लिहिला, हे सांगत नाहीत. दार उघडून आत गेलात, तर दाराला पाय लावून उभे राहा. मागं रांग आहे.

सरकारकडं आमच्या मागण्या साध्या आहेत. निवडाल तितक्यांना पैसे द्या, 'निधी असेल तर' हा शब्द खोडा. यादी विद्यापीठाच्या मुदतीआधी लावा, नाहीतर डिपॉझिट तुम्ही भरा. २०२२ ची अट काढा. आणि नामांकित विद्यापीठात निवड झालेल्या दलित विद्यार्थ्याच्या कर्जाला शासनानं हमी द्यावी. कारखानदारांच्या कर्जाला हमी देताना या शासनाची लेखणी अडत नाही, मग इथं का अडते?

आणि पोरीचं काय झालं? तिनं अमेरिकेला लिहिलं. उत्तर आलं की यंदाचा निधी संपला. ब्रिटनवाले मुदत वाढवायला तयार झाले नाहीत. १४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक संपल्यावर ती खोलीवर आली आणि दोन्हीकडं नकार कळवून मोकळी झाली. तिसरं पत्र घेतलं. शिष्यवृत्तीचा हप्ता तिथंही वेळेवर येईल याची खात्री नाही, पण कर्ज नाही. पीएच.डी.च्या वेळी परत दार वाजवीन, म्हणाली. डोळे ओले होते. आम्ही तिला शाबासकी दिली नाही, कारण हा विजय नाही. निर्णय शहाणपणाचा आहे, पण तो घ्यायला लावणारी व्यवस्था नागडी आहे, आणि ही दोन्ही वाक्यं एकदम खरी आहेत.

जाताना म्हणाली, "दादा, माझा सत्कार ठेवू नका. त्या पैशाची एक पेटी करा. पुढच्या मार्चला कुणीतरी येईलच पत्र घेऊन."

पेटी केली आहे. विहाराच्या मागच्या खोलीत ठेवली आहे. पावती मिळेल, हिशेब दर अंकात छापू.

जयभीम.