भुतांचा बाजार, निर्दोषांची नावे

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सेलम हे ४४ हजार वस्तीचे छोटे शहर आहे. १६९२ साली तेथे चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिली गेली. जाइल्स कोरी या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तर दगडांखाली चेंगरून मारले. आज पर्यटक हातात नकाशा घेऊन, वाटाड्याविना, तेथील 'झपाटलेल्या' जागा पायी फिरतात. न्यायाधीश कॉर्विनचे घर, चार्टर स्ट्रीटचे कब्रस्तान आणि त्याला लागून १९९२ साली उभारलेले स्मारक ही मुख्य ठिकाणे. ऑक्टोबरात तर गर्दी मावत नाही.

धंदा म्हणून ही कल्पना आम्हाला पसंत आहे. पायी फिरणारा वाटेत थांबतो, खातो, खरेदी करतो. गल्लीतल्या लहान दुकानदारालाही चार पैसे मिळतात.

पण माल कोणता विकतो आहोत, हेही पाहिले पाहिजे. मारले गेलेले लोक चेटके नव्हते, निर्दोष होते. एलिझाबेथ जॉन्सन या शिक्षा झालेल्या, पण फाशीतून वाचलेल्या स्त्रीवरील कलंक कायद्याने पुसला गेला तो थेट २०२२ साली! तरीही शहराच्या पोलीस गाड्यांवर झाडूवर बसलेली चेटकीण झळकते.

भुताची गोष्ट गोष्ट म्हणून खुशाल विकावी. मात्र नकाशावर पुराव्याची जागा कोणती आणि ऐकीव कोणती, हे वेगळ्या खुणांनी छापावे. मापात पाप नको, हा नियम इतिहास विकणाऱ्यालाही लागू आहे.